कपाटातल्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करणे म्हणजे नेमके काय?

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली जगाला एक इशारा दिला होता. चुंबकीय फितीवर साठवलेले जे काही २०२५पर्यंत डिजिटल स्वरूपात उतरवून घेतले जाणार नाही, त्यातले बहुतेक कायमचे हातचे जाईल, असा त्याचा आशय होता. पुढे युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरातल्या संग्रहांची याच विषयावर पाहणीही झाली. आता २०२५ सरले आहे, कपाटातल्या कॅसेटी एका रात्रीत कोऱ्या झालेल्या नाहीत, आणि म्हणूनच हा इशारा खोटा होता का, असे अनेकजण विचारतात.

तो खोटा नव्हता, पण तो नेमका कशाबद्दल होता हे समजून घ्यायला हवे. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांबरोबर आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले, त्यानंतर घरोघरी कॅसेट चालवणारे व्हीसीआर आले, आणि लग्न, मुंज, साठीशांत अशा कार्यांत 'व्हिडिओ शूटिंग' हा खर्चाच्या यादीतला ठरलेला आकडा झाला. साधारण वीस वर्षांचा आपला कौटुंबिक इतिहास या काळ्या डब्यांत आहे. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे आहे. घरच्या कॅसेटींना घरच्यांखेरीज कोणी वाली नाही.

फितीवर चित्र लिहिले कसे जाते

व्हीएचएस म्हणजे व्हीसीआरमध्ये घालायची नेहमीची मोठी व्हिडिओ कॅसेट. तिच्यातली फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची पॉलिस्टरची पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण एका चिकट लेपात बसवलेले असतात. या कणांचे चुंबकत्व कमीजास्त करून चित्र लिहिले जाते. अडचण अशी की, चित्रात आवाजाच्या कितीतरी पट अधिक माहिती असते आणि ती लिहायला फीत हेडसमोरून, म्हणजे यंत्राच्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकासमोरून, फार वेगाने जावी लागते. व्हीएचएसला लागणारा हा वेग सेकंदाला जवळजवळ पाच मीटर आहे. फीत खरोखरच त्या वेगाने पळवली असती, तर तीन तासांच्या लग्नासाठी मुंबईच्या सीएसएमटीपासून जवळजवळ कल्याणपर्यंत पोहोचेल एवढी फीत लागली असती.

प्रत्यक्षात कॅसेटमध्ये फीत असते अडीचशे मीटरच्या आसपास. यामागची युक्ती मोठी सुंदर आहे. फीत संथपणे, सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकते, आणि हेड बसवलेला एक चकचकीत ढोल तिच्यासमोर मिनिटाला १,५०० फेऱ्या घेतो. ढोल किंचित तिरका असल्यामुळे हेड फितीवर तिरक्या रेघा ओढत जाते. शंकरपाळ्यांसाठी लाटलेल्या पोळीवर तिरके काप द्यावेत तशा या एकाशेजारी एक रेघा असतात. सरळ आडव्या कापापेक्षा तिरका काप लांब होतो, म्हणून अरुंद फितीवरही लांब रेघ मावते. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत अशी एकेक रेघ सुमारे ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक असते. या रेघांच्या पट्ट्याबाहेर, फितीच्या एका काठाने साधा आवाज आणि दुसऱ्या काठाने यंत्राला ताल देणाऱ्या खुणा लिहिलेल्या असतात.

एवढे लक्षात आले की बाकीच्या तक्रारी आपोआप उलगडतात. हेडवर कणभर घाण बसली की पडद्यावर मुंग्या येतात. फितीचा काठ चुरगळला की चित्र ठीक असूनही आवाज दबतो, किंवा आवाज ठीक असूनही चित्र थरथरते. केसापेक्षा बारीक रेघेवर हेड नेमके बसावे यासाठी जे यंत्र लागते त्यात रबरी पट्टे, फीत ओढणारा रबरी रूळ, दातेरी चाके आणि मोटारी यांचा मेळ काटेकोर जमावा लागतो.

मुदत संपते आहे ती यंत्रांची

२०२५चा इशारा होता तो मुख्यतः या यंत्रांबद्दल. व्हीएचएसची सुरुवात जपानमध्ये १९७६ साली झाली. २०१६च्या जुलैमध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले आणि नवा व्हीसीआर बाजारात येण्याची शक्यता त्याबरोबर संपली. आज जगात चालू असलेला प्रत्येक व्हीसीआर जुना आहे. त्याची हेड झिजत आहेत, रबर कडक होत आहे, आणि त्याची दुरुस्ती जाणणारे कारागीर वयाने थकत चालले आहेत. फितीवरचे चुंबकत्व स्वतःहून फारसे नाहीसे होत नाही. लेप खराब होतो, फीत आक्रसते, बुरशी धरते. पण फीत शाबूत राहिली तरी तिला वाचणारे यंत्र उरले नाही, तर ती मोडी वाचणारा कोणी न उरलेल्या गावातल्या दप्तरासारखीच होईल.

म्हणून 'आमची कॅसेट कोरड्या जागी, प्लास्टिकमध्ये नीट बांधून ठेवली आहे' हे उत्तर अपुरे आहे. कॅसेट जपणे आणि तिच्यातले चित्र जपणे ही दोन वेगळी कामे आहेत.

डिजिटल केल्याने साधते काय

कॅसेटवरून कॅसेट काढली की दुसरी प्रत पहिलीपेक्षा फिकी उतरते आणि तिसरी त्याहून फिकी. मुक्तहस्त रांगोळी पाहून कोणी काढली, तिची पाहून आणखी कोणी काढली, तर चौथ्या अंगणात मोराची मान वेगळीच झालेली असते. तीच ठिपक्यांची रांगोळी असेल, तर कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा हे फोनवरूनही सांगता येते आणि शंभराव्या अंगणातही ती हुबेहूब पहिलीसारखी येते. डिजिटल करणे म्हणजे मुक्तहस्त चित्राची अशी ठिपक्यांत मोजदाद करणे. त्यानंतरच्या सगळ्या प्रती सारख्याच असतात.

मात्र मोजदाद करताना जे सुटले ते कायमचे सुटले. त्यामुळे सगळे महत्त्व त्या एका वेळच्या उतरवण्याला आहे. ते काम घाईत, स्वस्तात आणि वाईट यंत्रावर झाले तर वाईटाच्याच हुबेहूब प्रती निघत राहतात.

'आम्ही तर केव्हाच सीडी करून घेतली'

हे मला सर्वांत जास्त ऐकू येते, आणि सर्वांत जास्त काळजीही याचीच वाटते. २०००च्या आसपास गल्लोगल्ली लग्नाच्या कॅसेटीच्या 'सीडी' करून मिळत. तीन तासांची कॅसेट तीन तबकड्यांत बसवली जाई. या तबकड्या व्हीसीडी प्रकारच्या असत. पाल पद्धतीचे पूर्ण चित्र डिजिटलमध्ये ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे धरतात. व्हीसीडीत ते ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे जेमतेम एक चतुर्थांश. त्यातही सेकंदाला साडेअकरा लाख बिटांत सगळे चित्र कोंबावे लागे, म्हणून अक्षता पडतात त्या क्षणी, जेव्हा पडद्यावर सर्वांत जास्त हालचाल असते, चित्राचे चौकोनी तुकडे दिसतात. ते तुकडे कॅसेटमध्ये नाहीत.

डीव्हीडी त्या मानाने बरी, पण घरगुती तबकडीवर माहिती एका रंगद्रव्याच्या थरात लिहिलेली असते आणि तो थर उष्णता, ऊन व दमटपणा यांनी खराब होतो. ज्यांनी सीडी झाल्यावर मूळ कॅसेट टाकून दिली, त्यांनी आज पहिल्यांदा त्या तबकडीची संगणकावर प्रत काढून घ्यावी. ज्यांच्याकडे कॅसेट आहे, त्यांनी ती पुन्हा, नीट उतरवून घ्यावी.

बुरशी

आमच्या घरातली १९८९ सालची एका लग्नाची कॅसेट मी चार वर्षांपूर्वी कपाटातून काढली तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या काळ्याभोर रिळाच्या कडेवर पांढरी बारीक भुकटी होती, रव्याचे कण सांडावेत तशी. कोकणातल्या चौतीस पावसाळ्यांनी ती बसवली होती. मी ती कॅसेट उत्साहाने लगेच यंत्रात घातली असती, तर ती बुरशी हेडवर गेली असती, हेडने फितीवर ओरखडे काढले असते, आणि त्यानंतर त्या यंत्रात घातलेल्या प्रत्येक कॅसेटला तिचा प्रसाद मिळाला असता.

मुंबई, कोकण आणि गोवा इथल्या दमट हवेत हा प्रश्न घराघरांत आहे. कॅसेटच्या खिडकीतून विजेरीच्या उजेडात पाहावे. रिळावर पांढरे, करडे ठिपके किंवा जाळी दिसली की ती कॅसेट लावायची नाही. ती बाकीच्या कॅसेटींपासून वेगळी ठेवावी आणि तिच्याशी हाताळणी करताना तोंडाला मास्क लावावा, कारण ही भुकटी श्वासातून आत जाणे चांगले नाही. आपल्या अंगवळणी पडलेला उपाय म्हणजे वस्तू उन्हात टाकणे. पापड-कुरडयांना जे चालते ते कॅसेटला चालत नाही. उन्हाने प्लास्टिक वाकते आणि फीत ताणली जाते. सावलीत, कोरड्या हवेत, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात काही आठवडे ठेवल्यास बुरशीची वाढ थांबते आणि ती सुकते. त्यानंतर कवच उघडून, फीत मऊ कापडावरून हळूहळू गुंडाळत स्वच्छ करण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. आमच्या कॅसेटीचे काम असेच झाले, आणि मंगलाष्टके सुरू होण्याआधी देवघरासमोर बसून आजीने म्हटलेली ओवी साधारण वीस सेकंद सलग ऐकू आली. तिचा आवाज दुसऱ्या कशातही नोंदलेला नाही.

यंत्रात घालण्यापूर्वी

कॅसेटच्या पाठीवर एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. सगळ्यांत आधी हे करावे, कारण गडबडीत भलते बटण दाबून बारसे पुसले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मग यंत्राची परीक्षा. वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असलेला व्हीसीआर पहिल्याच फेरीत फीत गिळू शकतो, म्हणून आधी एखाद्या बिनकामाच्या कॅसेटवर त्याला तासभर चालवावे. हेड साफ करताना कान साफ करायच्या कापसाच्या काड्या वापरू नयेत. त्यांचा धागा हेडच्या टोकात अडकून ते तुटते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले, धागे न सुटणारे मऊ कापड ढोलाला हलके टेकवावे आणि ढोल हाताने आडवा फिरवावा. वर-खाली कधीही घासू नये. यंत्र ठीक चालले की खरी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून बसलेले फितीचे वेढे सुटतात.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी वेगळ्या काढाव्यात. तिकडची एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांची, तर आपली पाल पद्धत ६२५ ओळींची आणि २५ चित्रांची. म्हणूनच न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवाची कॅसेट इथल्या व्हीसीआरवर अनेकदा काळीपांढरी, वर-खाली सरकणारी दिसायची. ती खराब नसते. तिला दोन्ही पद्धती वाचणारे यंत्र लागते.

पिवळ्या पिनेपासून फायलीपर्यंत

व्हीसीआरच्या मागे तीन पिनांची वायर लागते. पिवळीतून चित्र, लाल-पांढरीतून आवाज. ही वायर एका लहानशा यूएसबी उपकरणात घालून संगणकाला जोडली की उतरवणे सुरू होते, आणि तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. हे काम वेगाने करता येत नाही. यंत्राला एस-व्हिडिओची गोल जोडणी असेल तर पिवळ्या पिनेऐवजी ती वापरावी, कारण तिच्यात रंग आणि प्रकाश वेगवेगळ्या तारांतून येतात व एकमेकांत मिसळत नाहीत.

जुन्या फितीवरून येणाऱ्या ओळी वेळेच्या बाबतीत बेशिस्त असतात. कोणी क्षणाच्या अंशाने आधी येते, कोणी उशिरा, आणि त्यामुळे दाराची उभी चौकट लाटेसारखी हलते. यावर टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण असते. शाळेच्या मैदानात वाकड्यातिकड्या येणाऱ्या मुलांना दाराशी क्षणभर थांबवून ठरल्या ठोक्याला एकेकाला आत सोडावे, तसे ते प्रत्येक ओळीला आपल्या जागी आणते. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये ते आतच असते. साध्या यूएसबी उपकरणाने काम करताना आवाज हळूहळू चित्राच्या मागे-पुढे जाऊ लागतो, तो बहुधा अशा डळमळीत ओळींमुळे आणि मधली चित्रे गळाल्यामुळे. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगला व्हीसीआर आणि हा करेक्टर यांवर घालावेत.

दुसरी गोष्ट मोबाइलवर पाहताना कळते. जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या, असे सेकंदाला ५० हप्ते. जुन्या टीव्हीवर ते सहज मिसळत. आजच्या पडद्यावर मात्र हलणाऱ्या हातांच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. हे दात काढता येतात; काढताना सेकंदाला ५० चित्रांची फाइल करावी, २५ची केली तर निम्मी हालचाल फेकली जाते. पण हे सगळे पाहण्याच्या प्रतीवर करावे. मूळ प्रत जशी उतरली तशीच, हप्त्यांसकट, ठेवावी.

ही मूळ प्रत 'लॉसलेस' पद्धतीने, म्हणजे काहीही न गाळता दाबून साठवलेली असावी. जगातले अनेक संग्रह यासाठी एफएफव्ही१ ही खुली पद्धत वापरतात. तिच्यात तासाला साधारण २५ ते ३० गिगाबाइट लागतात, म्हणजे एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर तीन तासांच्या निदान दहा-अकरा कॅसेटी. पाहण्यासाठी आणि पाठवण्यासाठी एच.२६४ पद्धतीची लहान प्रत वेगळी काढावी. ती तासाला तीन-चार गिगाबाइटमध्ये चांगली होते.

कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटी

व्हीएचएस-सी ही लहान कॅसेट अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरवर चालते. व्हिडिओ८ आणि हाय८ यांना असा अडॅप्टर नाही, त्यांना त्यांचाच कॅमेरा लागतो, म्हणून तो जुना कॅमेरा भंगारात देऊ नये. १९९५ साली आलेल्या मिनीडीव्हीची गोष्ट वेगळी आहे: तिच्यावर चित्र आधीपासूनच डिजिटल आहे. फायरवायर नावाच्या वायरीने ते जसेच्या तसे, तासाला सुमारे १३ गिगाबाइट, संगणकात घेता येते. अनेक दुकाने मिनीडीव्हीसुद्धा पिवळ्या पिनेनेच उतरवतात आणि ठिपक्यांची रांगोळी उगाचच मुक्तहस्त करून पुन्हा ठिपक्यांत आणतात. फायरवायर असलेले संगणक जुने होत आहेत, तेव्हा हे काम यादीत वर घ्यावे.

दुकानात देताना

घरी करणे सगळ्यांना जमणारे नाही, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. फाइल कोणत्या प्रकारची देणार? चित्र मूळ चार-तीन प्रमाणातच ठेवणार का, की रुंद पडद्यासाठी ताणणार? टाइम बेस करेक्टर आहे का? उतरवताना कोणी लक्ष ठेवते का? मी एकदा एका दुकानात दिलेली कॅसेट 'फुल एचडी' करून परत आली, तेव्हा नवरा-नवरी दोघेही रुंदीला ताणलेले होते आणि शेवटची चाळीस मिनिटे निळा पडदा होता, कारण फीत मध्येच थांबली हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. कॅसेट माझ्याकडे होती म्हणून काम पुन्हा करता आले. सगळ्या कॅसेटी एकदम देऊ नयेत; एक द्यावी, फाइल शेवटपर्यंत पाहावी, मग पुढची.

'एआयने चेहरे स्पष्ट करून घेऊ का?'

व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० ओळींइतका तपशील असतो. पंगतीत मागे बसलेल्या काकांचा चेहरा त्यात मोजक्या बिंदूंचा आहे. सॉफ्टवेअर त्या बिंदूंमधून जो रेखीव चेहरा काढते तो हजारो इतर चेहऱ्यांवरून केलेला अंदाज असतो. डोळे, ओठ, दात सगळे ठीक दिसते, पण ते काका नसतात. गंमत म्हणून वेगळी प्रत करावी, तिच्या नावातच तसे लिहावे, आणि ती मूळ प्रतीच्या जागी कधीही ठेवू नये. नातवंडांना पणजोबांचा धूसर चेहरा मिळणे हे परक्याच्या स्पष्ट चेहऱ्यापेक्षा चांगले आहे.

फाइल झाल्यावर

हार्ड डिस्कही बंद पडते. म्हणून किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर, हा संग्राहकांचा नियम पाळावा. भावंडे वेगवेगळ्या गावांत असतात, याचा इथे उपयोग होतो. डिस्क वर्षातून एकदा लावून फायली उघडतात का हे पाहावे. यूट्यूबवर टाकले की झाले, असे समजू नये. तिथे चित्र पुन्हा दाबले जाते, आणि लग्नाच्या कॅसेटींवर स्टुडिओवाल्यांनी सढळ हाताने चित्रपटगीते घातलेली असल्यामुळे हक्काचा दावा येऊन आवाज बंद केला जाऊ शकतो.

कॅसेट मात्र फेकू नये. ढोलावरच्या हेडपासून निघणारा मूळ संकेत थेट टिपून बाकीचे सगळे काम सॉफ्टवेअरने करण्याची पद्धत हौशी तंत्रज्ञांनी विकसित केली आहे आणि तिचे निकाल उत्तम येत आहेत. उद्या तुमच्याच कॅसेटीतून आजच्यापेक्षा चांगले चित्र निघू शकेल. ती सुरुवातीपर्यंत गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, स्पीकरपासून दूर ठेवावी.

राहिले एक काम, आणि ते यंत्राचे नाही. फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि गाव लिहावे, आणि घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून ती एकदा थांबत थांबत पाहावी. आमच्या त्या १९८९च्या लग्नात बेचाळिसाव्या मिनिटाला हिरव्या लुगड्यातली एक बाई पाटावरून उठून कॅमेऱ्याकडे पाहून हसते. आम्हा कोणालाच ती ओळखता आली नाही. आत्याने पाहताक्षणी नाव सांगितले, ती कोणत्या वाडीतली आणि आजीची कोण हेही सांगितले, आणि मी ते मिनिटासह वहीत लिहून घेतले. आत्या आता ८१ वर्षांच्या आहेत. अजून दोन कॅसेटी त्यांना दाखवायच्या आहेत.